स्वस्त ताटाचा हिशेब

मुंबईच्या दुपारच्या जेवणाचा इतिहास कुठून सुरू करायचा, असा प्रश्न पडला की मी 1890 हे साल धरतो. त्या वर्षी या प्रांतात तीन गोष्टी घडल्या. जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच वर्षी महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून डबे पोहोचवण्याचं काम सुरू केलं, असं डबेवाल्यांच्या परंपरेत सांगितलं जातं. आणि ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींनी ख्रिस्ती पाद्र्यांच्या हातचा चहा घेतला, त्यावरून मोठं ग्रामण्य माजलं. टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं.

या तिन्ही घटना जेवणाशी निगडित आहेत. पहिली जेवणाच्या वेळेची, दुसरी घरचं अन्न कामाच्या जागी पोहोचवण्याची, तिसरी कुणाच्या हातचं खायचं याची. वेळ, अंतर आणि हात या तीन अडचणींतून वाट काढत या शहरात स्वस्त आणि ताजं जेवण उभं राहिलं. कमी पैशांत पोटभर जेवायची जागा आज शोधायची, तरी याच तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्यात चौथी एक आहे, ती म्हणजे स्वस्त ताटाचे उरलेले पैसे कोण भरतं. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

अर्ध्या तासाची लढाई

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली उभी केली आणि दोन वर्षांत तिथून सूत निघू लागलं. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चालायचं. जेवणासाठी यंत्रं थांबतीलच याची खात्री नव्हती. साच्यावर उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा मोडायचा आणि पुन्हा धाग्याकडे नजर लावायची, असा प्रकार होता.

1884 साली लोखंड्यांनी कामगारांची सभा घेऊन सरकारकडे निवेदन दिलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई या मागण्यांबरोबर एक साधी मागणी होती, दुपारी अर्धा तास सुट्टी. 1891 च्या कारखाना कायद्याने ती मान्य केली आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवणं बंधनकारक झालं.

आज ऑफिसात 'लंच टाइम' म्हणून आपण जे सहज घेतो, त्याची सुरुवात इथे आहे. पण अर्धा तास मिळाला म्हणून अन्न मिळालं असं होत नाही. गिरणी कामगार बहुतेक रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याच्या मावळातला. बायको-मुलं गावाला, शेती सांभाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मी होती. म्हणजे लाखो पुरुषांना रोज दोन वेळा कुणीतरी रांधून वाढायला हवं होतं. अर्ध्या तासात हॉटेल गाठायचं, जेवायचं आणि परतायचं, तर ते गिरणीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर हवं. पगारात बसणारंही हवं.

पगाराचं काय होतं, तेही नोंदलेलं आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी लिहिलेला तिचा अहवाल 1923 साली छापला गेला. कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा अन्नावर जातो, हे त्यातून पुढे आलं. आणि एक निष्कर्ष असा होता, की या श्रीमंत शहरातल्या कामगाराच्या वाट्याला येणारं धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे. सरकारी अहवालातलं हे वाक्य पुढे कितीतरी कामगार पुढाऱ्यांनी वापरलं. मुंबईच्या स्वस्त जेवणाचा विचार करताना ते समोर ठेवायला हवं, कारण 'कमी पैशांत पोटभर' ही तेव्हा हौसेची किंवा काटकसरीची गोष्ट नव्हती.

खानावळवाली

या गरजेतून गिरणगावात खानावळ आली. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी एखादी बाई, बहुतेकदा विधवा, टाकलेली, किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही अशी. ती दहा-पंधरा जणांचं जेवण रांधायची. कामगार महिन्याची खानावळ लावत. सकाळी चार वाजता तिची चूल पेटायची, कारण पहिल्या पाळीचा माणूस खाऊन जाणार, दुपारपाळीचा येऊन जेवणार आणि रातपाळीचा डबा घेऊन जाणार. ताटात भाकरी, आमटी, भात, एक सुकी भाजी. बाजार बघून कधी जवळा, कधी बोंबील, कधी मांदेली. आठवड्यातून एक-दोनदा मटण. कुणी गावाला गेला तर त्याचे खाडे धरायचे आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे कमी करायचे.

हे जेवण ताजं का असे? खानावळवालीकडे साठवायला जागा नव्हती, बर्फ नव्हता आणि उरलेलं फेकण्याची ऐपत नव्हती. जेवणारी माणसं ठरलेली, त्यामुळे किती शिजवायचं ते पक्कं माहीत. पंधरा जणांचा स्वयंपाक पंधरा जणांतच संपायचा.

आणि स्वस्त का असे? इथे हिशेबाचा चौथा प्रश्न येतो. त्या बाईच्या सोळा तासांच्या मेहनतीची किंमत ताटाच्या दरात धरलेलीच नसायची. खोली तिची, चूल तिची, मुलीही हाताखाली राबायच्या. शिवाय कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, आणि वाण्याला, रॉकेलवाल्याला पैसे द्यावे लागायचे आधी. मधला महिनाभराचा खड्डा ती व्याजाने पैसे काढून, नाहीतर मंगळसूत्र गहाण टाकून भरायची. एका अर्थाने ती गिरणीमालकाला बिनव्याजी कर्ज देत होती. मालकाचा कामगार ती उधारीवर पोसत होती.

संप झाला की हा व्यवहार उघडा पडायचा. पगार बंद, पण जेवण बंद करायचं कसं? समोर बसणारा माणूस गावचा, नात्याचा किंवा वर्षानुवर्षांचा. सत्तरच्या दशकातल्या संपांत अशा कितीतरी बाया कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव या कम्युनिस्ट कार्यकर्त्या, गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या. गिरणी कामगारांत काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की संपाच्या इतिहासात या बायांचं नाव कुठेच नाही. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 1969 साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं. सावकाराऐवजी या बँकांनी खानावळवालीला कर्ज द्यावं, तारण म्हणून बायांनी एकमेकींना जामीन राहावं, अशी त्यांची रीत. बचत गट हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्या वस्तीचा जो इतिहास गोळा केला, त्यात या बाया स्वतः बोलतात. स्वस्त ताटाच्या मागचं माणूस पाहायचं असेल, तर तो वाचावा असं मी सुचवेन.

देग आणि नळी

गिरण्यांत मुसलमानही होते. हातमाग मोडल्यावर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मोठ्या संख्येने साचेखात्यात होते आणि मदनपुरा, नागपाडा भागात राहत. बंदरावर हमाल होते, बोटींवर कोकणी मुसलमान खलाशी होते. आमच्या रत्नागिरीकडच्या कित्येक गावांच्या जमातींनी डोंगरी, माझगावच्या आसपास खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. बोटीवरून उतरलेला किंवा बोटीची वाट पाहणारा गावकरी तिथे वळकटी टाकायचा. लालबागला घाटावरच्या गावांच्या खोल्या, धोबीतलावला गोव्याच्या लोकांचे कूड आणि डोंगरीला आमच्या जमातीच्या खोल्या, ही एकाच गरजेतून उभी राहिलेली भावंडं म्हणायची. मी शिकायला मुंबईत आलो तेव्हा अशाच एका खोलीत राहिलो. तिथे एक म्हातारा भंडारी होता. बोटीवरच्या आचाऱ्याला खलाशांच्या भाषेत भंडारी म्हणतात. महागाईवर तो एकच उपाय सांगायचा, "पदार्थ एक ठेवा, भांडं मोठं घ्या."

भेंडी बाजार, महंमद अली रोडच्या जुन्या हॉटेलांचं सगळं अर्थकारण या वाक्यात आहे. निहारी हा शब्द अरबी 'नहार'वरून आला, म्हणजे दिवस, सकाळ. रात्री देग चढवायची, मंद आचेवर शिजू द्यायची आणि सकाळी कामाला निघालेल्या माणसाला वाढायची. नळी, पाया, जबान हे तेव्हा बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारे भाग. ते पटकन शिजत नाहीत म्हणूनच स्वस्त. पण रात्रभराच्या आचेपुढे तेही विरघळतात. एका भट्टीच्या जळणात शे-दोनशे माणसं जेवतात. खिचड्याचं, दालगोश्तचं गणितही तेच. गहू, डाळ आणि थोडं मांस मोठ्या भांड्यात एकजीव झालं, की थोड्या मांसात पुष्कळ माणसांचं भागतं. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी हॉटेल 1923 पासून नळी निहारी वाढत आलं आहे. शिरास यांचा अहवालही त्याच साली छापला गेला. आज ती निहारी खायला लोक गाड्या घेऊन येतात, पण मूळचं हे कष्टकऱ्याचं खाणं.

याच्या मागे जुनी परंपरा आहे. सरायांमध्ये मुसाफिरांना रांधून घालणारे ते भटियारे. शेरशाह सूरने सोळाव्या शतकात रस्त्यांवर सराया बांधल्या, तेव्हा तिथे हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांची वेगवेगळी सोय होती आणि हिंदूंच्या पाण्या-जेवणासाठी ब्राह्मण नेमलेले होते, असं अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. म्हणजे 'कुणाच्या हातचं' हा प्रश्न तेव्हाच्या राज्यकर्त्यालाही टाळता आला नव्हता, त्याने तो व्यवस्थेत बसवला. भटियारा हा शब्द मराठीने घेतला तो भटारखाना होऊन. जहाजावरचा, मोठ्या हॉटेलातला मुदपाकखाना तो भटारखाना.

मांसाच्या स्वस्ताईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यापासून बंदी होतीच. 1995 साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती 2015 साली मिळाली आणि बैल-वळूही त्या बंदीत आले. म्हशीचं मांस बंदीबाहेर राहिलं. कायद्याची चर्चा धर्म आणि राजकारण यांच्या अंगाने खूप झाली. ताटाच्या अंगाने मी पाहिलं ते एवढंच, की त्या वर्षी माझ्या नेहमीच्या हॉटेलात दर वाढला आणि वाटीतल्या बोट्या कमी झाल्या. शेजारच्या बाकावर बसणारे हमाल दालचा-चावलवर आले. त्यांत मुसलमान होते, तसे बिगरमुसलमानही होते. स्वस्त मांस ही त्यांची ताकद होती.

पाटीवर काय लिहिलंय

आता 'हात' या प्रश्नाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या खानावळींवर आणि हॉटेलांवर हिंदू, ब्राह्मण, मुस्लिम अशा पाट्या असत. आज आपल्याला त्या खटकतात, पण गावाहून आलेल्या माणसाला त्यातून एक भरवसा मिळायचा. इथे मला चालेल असंच अन्न आहे. मुसलमानालाही हलालची खात्री हवीच असायची. प्रश्न भरवशाचा नव्हता, त्याच पाटीने कुणाला तरी बाहेर ठेवण्याचा होता. दलित कामगाराला पैसे हातात असूनही कित्येक ठिकाणी आत बसता येत नसे. गिरणीतही हेच. साचेखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो विटाळेल म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात काम मिळत नसे, आणि तिथला पगार इतर खात्यांपेक्षा चांगला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 च्या दशकाच्या शेवटी गिरणी संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. तोंड आणि अन्न यांच्याभोवतीच्या विटाळाने माणसाचं ताटच नाही, त्याचा पगारही ठरत होता.

अशा शहरात इराणी हॉटेलांचं महत्त्व वेगळं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या झरतुष्ट्री आणि काही मुसलमान मंडळींनी ती काढली. कयानी 1904 ची, ब्रिटानिया 1923 ची. संगमरवरी टेबलं, चहा, ब्रून-मस्का, खिमा-पाव. मालक बाहेरचा, त्यामुळे इथल्या जातींची उतरंड त्याच्या गल्ल्यावर चालत नव्हती. त्याला पैशाशी मतलब होता. मुसलमानांच्या हॉटेलांतही साधारण असंच होतं. मुसलमान समाजात बिरादऱ्यांच्या भिंती नव्हत्या असं नाही, लग्नसंबंधांत त्या आजही दिसतात. पण हॉटेलच्या बाकावर शेजारी कोण बसलाय हे कुणी विचारत नसे.

दुसरीकडे उडुपी मंडळी आली. माटुंगा स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांनी 1942 साली श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग लागू झालं. युद्धाचा काळ, तांदूळ मोजून मिळायचा, आणि दक्षिणेतून आलेल्या कारकुनांना घरचा भात हवा होता. केळीच्या पानावर वाढलं जाणारं ते जेवण आजही तिथे मिळतं आणि जेवणारा कोण हे कुणी विचारत नाही.

हा बदल आपोआप झाला नाही. 26 जानेवारी 1950 रोजी लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. घटनेच्या मूलभूत हक्कांत हॉटेलचा उल्लेख का करावा लागला असेल, याचा विचार करून पाहावा. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने त्याला शिक्षेची जोड दिली.

आणि तरीही पाटीचा प्रश्न संपलेला नाही. 2024 च्या जुलै महिन्यात उत्तरेत कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावं ठळक लावावीत, असे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. काय पदार्थ आहे ते सांगा, नाव लिहिण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. ताटात काय आहे हे विचारण्याचा हक्क जेवणाऱ्याला आहेच. रांधणाऱ्याचं नाव विचारलं जातं तेव्हा मला त्या जुन्या पाट्या आठवतात.

भाडं, सरकार आणि दाता

स्वस्त ताटाचे उरलेले पैसे खानावळवालीच्या मेहनतीने भरले, हे वर आलंच. आणखी तिघांनी ते भरले आहेत.

पहिलं, जुनं भाडं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच घर, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांचे दर नियंत्रित करण्याचा उल्लेख होता. या कायद्याने पागडीच्या जागांचं भाडं जवळजवळ गोठवलं. फोर्टच्या गल्ल्या, गिरगाव, मस्जिद बंदर, भेंडी बाजार इथली जी जुनी हॉटेलं आजही परवडतात, त्यांतली बरीचशी अशा जागांत आहेत. इमारत पुनर्विकासात गेली की हॉटेल परत येतंच असं नाही, आणि आलं तर त्या दरात येत नाही. भेंडी बाजाराचा पुनर्विकास गेल्या काही वर्षांत सुरू आहे. मोडकळीला आलेल्या इमारतींतल्या लोकांना चांगली घरं मिळावीत याबद्दल दुमत नाही. पण दहा बाय दहाच्या गाळ्यात देग लावणाऱ्याचं गणित मॉलसारख्या दुकानात बसत नाही, हेही खरं.

दुसरं, सरकार. 1995 साली आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. पाच वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि कित्येक केंद्रांवर वडापाव, चायनीज दिसू लागलं. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण, दर दहा रुपये. शहरात एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून उरलेले चाळीस सरकार केंद्रचालकाला देणार, अशी रचना. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि पुढे काही महिने मोफत मिळाली. त्या काळात ती किती जणांना तारून गेली ते आपण पाहिलं आहे. या थाळीचं मला आवडलेलं अंग म्हणजे हिशेब उघड आहे. कोण किती भरतं ते सगळ्यांना माहीत. अडचणही तिथेच आहे. सरकारकडून पैसे वेळेवर आले नाहीत, तर केंद्र चालवणारा तोच खड्डा भरतो जो कधीकाळी खानावळवाली भरायची.

तिसरा, दाता. माहीमच्या दर्ग्याजवळ, महंमद अली रोडवर काही हॉटेलांसमोर माणसं ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. येणारा-जाणारा कुणी गल्ल्यावर पैसे देतो, "दस आदमी" म्हणतो, आणि ओळीतली पहिली दहा माणसं जेवतात. देणारा कोण, खाणारा कोण, कुणी विचारत नाही. सवाबसाठी देणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पण मी ती ओळ पाहतो तेव्हा असं वाटतं, की स्वतःच्या पन्नास रुपयांत बाकावर बसून जेवता येणं आणि रस्त्यावर उकिडवं बसून वाट पाहणं यांत फार मोठं अंतर आहे. शहरातली स्वस्त हॉटेलं कमी होतात तशी बाकावरची माणसं त्या ओळीकडे सरकतात. सदका चालू राहावाच, पण बाक टिकले तर त्याची गरज कमी पडेल.

आजची दुपार

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर खानावळींचा ठरलेला गिऱ्हाईक गेला. दुपारच्या जेवणाची जागा वडापावने घेतली. पोट भरतं, पण त्याला जेवण म्हणता येत नाही.

तरीही ती पद्धत मेलेली नाही. गिऱ्हाईक बदललं, एवढंच. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली. तिथे माझ्या ओळखीच्या एक खाला आहेत. बारा डबे करतात. जेवणारे सगळे बाहेरगावचे, मोबाइल दुरुस्त करणारे, डिलिव्हरीवाले, एक-दोन विद्यार्थी. रोज एक भाजी किंवा सालन, डाळ, भात, चार रोट्या, जुम्म्याला पुलाव. फ्रिज आहे, पण त्यात पाण्याच्या बाटल्या असतात, कारण उरत काहीच नाही. त्यांना गिरणगावातल्या खानावळवालीबद्दल काही ठाऊक नाही. हिशेबाची वही मात्र तशीच आहे, खाड्यांसकट.

माझ्याकडे नवीन मुलं येतात, मुंबईत स्वस्त आणि चांगलं कुठे खावं विचारतात. मी नावं सांगत नाही, नावं बदलतात. खुणा सांगतो. फळ्यावर दोन-तीनच पदार्थ असतील तिथे जा. साडेबाराला जा आणि हमाल, टॅक्सीवाले, बँकेचे शिपाई कुठे बसलेत ते बघा. त्यांना रोज तिथेच खायचं असतं, एकदा पोट बिघडलं तर ते परत येत नाहीत. अडीच वाजता 'संपलं' म्हणणाऱ्या हॉटेलवर भरवसा ठेवा, रात्री अकरापर्यंत सगळं मिळेल म्हणणाऱ्यावर जरा कमी. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यातली बरीच हॉटेलं दिवसा बंद असतात. तुम्ही आपल्यातले नसाल किंवा आजारपणामुळे रोजा नसेल, तर तो महिना दुसरीकडे सोय बघा. आणि महिनाभर राहणार असाल तर हॉटेल शोधूच नका, कुठल्या चाळीत, कुठल्या बिल्डिंगमध्ये कोण डबा देतं ते विचारा. किराणावाल्याला हमखास माहीत असतं, कारण डाळ-तांदूळ त्याच्याकडूनच जातात.

डबा लावलात तर एक करा. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्या, अखेरीस नको. शंभर वर्षं या शहराने हा हिशेब त्या बायांच्या अंगावर ढकलला आहे. तुमच्यापुरता तो तुम्ही पहिल्या तारखेला मिटवू शकता.